राजकारणनिरपेक्षतेची व्याप्ती : युरोव्हिजन गीतस्पर्धेतील शब्द, राष्ट्रनाम आणि प्रायोजक

युरोव्हिजन गीतस्पर्धा राजकारणनिरपेक्ष आहे, असे तिच्या चालकांचे आग्रही प्रतिपादन आहे. सुमारे सत्तर वर्षांच्या तिच्या इतिहासात राजकीय वाद मात्र वारंवार उद्भवले आहेत. ही विसंगती पुढे करून चालकांवर दांभिकतेचा आरोप करणे सोपे आहे, आणि तो अनेकांनी केलाही आहे. परंतु अशा आरोपाने इतिहास उलगडत नाही. ‘राजकारणनिरपेक्ष’ ह्या शब्दाने कोणत्या काळी नेमके काय वर्ज्य ठरत होते व काय वर्ज्य ठरत नव्हते, हा अभ्यासकापुढील खरा प्रश्न होय. ह्या प्रश्नाचा मागोवा घेतला असता असे दिसून येते की, नियमाची दृष्टी प्रायः गीताच्या शब्दांवर आणि रंगमंचावरील खुणांवर खिळून राहिली. राजकीय अर्थ मात्र शब्दांबाहेरच्या वाटांनी येत राहिला. सहभागी कोण, खर्च कोणाचा आणि मतांसाठी प्रचार कोण करतो, ह्या त्या वाटा होत. प्रायोजकाच्या नावावरून अलीकडे उद्भवलेला वाद ह्या दीर्घ इतिहासाच्या संदर्भातच नीट समजू शकतो.

१. संस्थेची घडण

युरोपीय प्रसारण संघाची स्थापना १९५० साली इंग्लंडमधील टॉर्की येथे झाली. हा संघ राष्ट्रांचा नव्हे, तर प्रसारणसंस्थांचा आहे. त्याची मर्यादाही युरोप खंडाची नसून ‘युरोपीय प्रसारणक्षेत्र’ ह्या तांत्रिक विभागाची आहे, आणि त्या विभागात उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया ह्यांचा काही भाग मोडतो. इस्रायल, मोरोक्को वा लेबनॉन येथील संस्था ह्या संघात कशा, ह्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

अनेक देशांत एकाच वेळी दिसू शकेल असा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम घडवावा, ह्या हेतूने १९५५ मध्ये संघाच्या समितीत गीतस्पर्धेची कल्पना मांडली गेली. स्वित्झर्लंडचे मार्सेल बेझाँसाँ हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते, आणि १९५१ पासून इटलीत भरणारा सानरेमोचा गीतमहोत्सव हा नमुना पुढे होता. २४ मे १९५६ रोजी लुगानो येथे सात देशांच्या संस्थांनी प्रत्येकी दोन गीते सादर केली आणि यजमान स्वित्झर्लंडच्या लिस आसिया ह्या विजयी ठरल्या.

ह्या रचनेत आरंभापासून एक लक्षणा दडलेली आहे. सभासद असते ती प्रसारणसंस्था. फलकावर झळकते ते मात्र राष्ट्राचे नाव. ‘ग्रीस गाते’, ‘तुर्कस्तानाने बारा गुण दिले’ ह्या वाक्यांचा मुख्यार्थ बाधित होतो आणि राष्ट्रनामाने एक संस्था लक्षित होते. हा भेद चालकांच्या मनात स्पष्ट असतो. प्रेक्षकाच्या मनात तो राहत नाही, आणि तो राहू नये अशीच कार्यक्रमाची मांडणी असते. वाद उपस्थित होताच चालक संस्थेकडे बोट दाखवितात, तर आक्षेप घेणारे फलकावरील नावाकडे. पुढील बहुतेक सर्व तंट्यांचे मूळ ह्या दुहेरी वाचनात सापडते.

२. शब्दात नसलेला अर्थ

राजकारणाचा रंगमंचावरील पहिला ठळक प्रवेश १९६४ साली कोपनहेगन येथे झाला. फ्रँको आणि सालाझार ह्यांच्यावर बहिष्कार घालण्याचे आवाहन करणारा फलक घेऊन एक तरुण मंचावर आला. चित्रणयंत्र गुणफलकाकडे वळविण्यात आले आणि तरुणास बाहेर काढण्यात आले. पोर्तुगालचे ते पहिलेच वर्ष होते. त्याच्या वा स्पेनच्या गीतात राजकारण नव्हते. आक्षेप होता तो त्या राष्ट्रनामांच्या उपस्थितीस.

१९६८ मध्ये स्पेनच्या वतीने गाण्यासाठी निवडलेले जुआन मानुएल सेर्रात ह्यांनी कॅटलन भाषेत गाण्याचा आग्रह धरला. त्यांच्या जागी मासिएल ह्यांची योजना झाली, गीत कॅस्टिलियन भाषेत गायिले गेले आणि लंडन येथे ते प्रथम आले. ‘ला, ला, ला’ हे त्याचे शीर्षक, आणि निरर्थक अक्षरांची आवृत्ती हाच त्याच्या ध्रुवपदाचा गाभा. अर्थशून्य अक्षरे कोणत्या भाषेतली म्हणून गावयाची, एवढ्यावरून गायक बदलला गेला. शब्दाचा अर्थ राजकीय नसतानाही भाषेची निवड राजकीय असू शकते, ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

पोर्तुगालचे १९७४ चे उदाहरण ह्याच्या पुढचे पाऊल आहे. पाउलो दे कार्वाल्यो ह्यांचे ‘ई देपोईस दो आदेउश’ हे विरहगीत ब्रायटन येथील स्पर्धेत अखेरच्या स्थानी राहिले. २४ एप्रिल १९७४ च्या रात्री हेच गीत नभोवाणीवरून प्रसृत झाले, ते उठाव करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांना दिलेला पहिला संकेत म्हणून. गीतात संशयास्पद असे काहीच नव्हते, आणि म्हणूनच ते संकेतास योग्य ठरले. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालमधील हुकूमशाही संपुष्टात आली.

शब्दाचा अर्थ निश्चित होण्यास प्रकरण, देश, काल, साहचर्य, विरोध इत्यादी गोष्टी कारणीभूत होतात, अशी गणना भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त केली आहे. काव्यशास्त्राने अभिधेपलीकडे व्यंजनेचा व्यापार मानला. स्पर्धेच्या नियमाने अभिधा तपासावयाचे ठरविले. इतिहास घडत राहिला तो प्रकरण, देश आणि काल ह्यांच्या जोरावर.

३. उपस्थिती आणि अनुपस्थिती

सायप्रसच्या प्रश्नाने हे अधिक स्पष्ट केले. तुर्की सैन्य १९७४ मध्ये त्या बेटावर उतरले. १९७५ मध्ये तुर्कस्तानचा प्रथम प्रवेश झाला तेव्हा ग्रीस अनुपस्थित राहिला. १९७६ मध्ये ग्रीसने मारिझा कोख ह्यांच्या आवाजात सायप्रसच्या दुःखाचे गीत सादर केले, आणि त्या वर्षी तुर्कस्तान आला नाही. त्या गीताचा आशय उघड होता, तरी ते मंचावर गायिले गेले. यावरून गीताच्या शब्दांविषयीची पुढील काळातील कठोरता प्रारंभी नव्हती, असे अनुमान काढता येते.

इस्रायलचा प्रवेश १९७३ मधला. १९७८ मध्ये त्याचा विजय दिसू लागताच जॉर्डनच्या दूरचित्रवाणीने प्रक्षेपण थांबवून फुलांचे चित्र दाखविले, आणि पुढे विजयी देश म्हणून बेल्जियमचे नाव सांगितले. १९८० मध्ये स्पर्धेचा दिवस राष्ट्रीय स्मृतिदिनाशी जुळून आल्याने इस्रायल दूर राहिला, आणि नेमक्या त्याच वर्षी मोरोक्कोने पहिला व आजवरचा एकमेव सहभाग घेतला. लेबनॉनने २००५ साली गायिका निवडली होती. परंतु इस्रायलचे गीत प्रक्षेपित करण्याचे बंधन पाळणे शक्य नसल्याने तेथील संस्थेने माघार घेतली. ह्या सर्व प्रसंगांत वादाचा विषय गीत नव्हता. एका नावाशेजारी दुसरे नाव असावे की नसावे, हाच प्रश्न होता.

४. खर्च कोणाचा?

राजकीय इतिहासाइतकाच, किंबहुना अधिक दुर्लक्षित असा, ह्या स्पर्धेचा आर्थिक इतिहास आहे. यजमानपद हा मान असला तरी तो भारही होता. लागोपाठ दोनदा जिंकलेल्या लक्झेंबर्गने १९७४ चे यजमानपद स्वीकारले नाही. लागोपाठ दुसऱ्या विजयानंतर इस्रायलनेही १९८० चे स्वीकारले नाही. स्वीडनमध्ये १९७५ साली स्पर्धा भरली तेव्हा तेथील संगीत-चळवळीने स्टॉकहोम येथेच पर्यायी महोत्सव भरवून स्पर्धेच्या बाजारी वृत्तीचा निषेध केला. सार्वजनिक संस्थेचा पैसा अशा कार्यक्रमावर का खर्चावा, हा वाद तेथे पेटला आणि १९७६ च्या स्पर्धेत स्वीडन नव्हता. बाजाराविषयीचा आक्षेप आणि राजकीय आक्षेप हे एकाच चळवळीच्या तोंडी येण्याचा हा आरंभीचा प्रसंग होय.

१९९० नंतर तीन बदल घडले. पहिला भाषेचा. १९६६ मध्ये, स्वीडनने इंग्रजीत गायिल्याच्या दुसऱ्याच वर्षी, देशाच्या भाषेत गाण्याचा नियम करण्यात आला होता. तो १९७३ मध्ये उठला, १९७७ मध्ये परत आला आणि १९९९ मध्ये पुन्हा रद्द झाला. त्यानंतर इंग्रजीचे प्राबल्य वाढले आणि गीत हा अनेक देशांत एकदम विकता येण्याजोगा माल झाला. दुसरा बदल मताचा. १९९७ मध्ये पाच देशांत दूरध्वनीने मत देण्याचा प्रयोग झाला आणि पुढील वर्षापासून तो सार्वत्रिक होऊ लागला. परीक्षकाचे मत हा अभिप्राय होता. प्रेक्षकाचे मत ही शुल्क भरून केलेली कृती झाली. पुढे एका प्रेक्षकास वीस मते देण्याची मुभा होती, आणि २०२३ पासून सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांनाही शुल्क भरून मत देता येऊ लागले. तिसरा बदल श्रेणीचा. जर्मनी हा मोठा वर्गणीदार देश १९९६ मध्ये पूर्वफेरीतच बाद झाला होता. २००० पासून ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स व स्पेन ह्या सर्वाधिक वर्गणी देणाऱ्यांना अंतिम फेरीत थेट स्थान मिळाले; २०११ मध्ये परतलेला इटली त्यांत पाचवा झाला. अशा रीतीने पैसा आणि स्थान ह्यांचा संबंध नियमानेच मान्य केला.

५. शब्दांची तपासणी

ह्याच काळात गीताच्या शब्दांवरील देखरेख कडक होत गेली. राजकीय स्वरूपाचे शब्द, भाषणे व हावभाव निषिद्ध ठरविणारे कलम वारंवार वापरले जाऊ लागले. २००८ च्या युद्धानंतर मॉस्को येथे भरणाऱ्या २००९ च्या स्पर्धेसाठी जॉर्जियाने निवडलेल्या गीताच्या इंग्रजी शीर्षकात ‘पुट’ आणि ‘इन’ हे दोन शब्द असे शेजारी आणले होते की, उच्चारात रशियाच्या नेत्याचे आडनाव ऐकू यावे. बदल करण्यास सांगितले असता जॉर्जियाने माघार घेतली. येथे श्लेष हाच गुन्हा ठरला. उलट, २०१६ मध्ये युक्रेनच्या जमाला ह्यांचे ‘१९४४’ हे क्रिमियन तातारांच्या हद्दपारीवरील गीत संघाने राजकीय मानले नाही आणि ते विजयी झाले. क्रिमिया रशियाने दोनच वर्षांपूर्वी बळकावला होता. शीर्षकातील अंक इतिहासाचा होता. श्रोत्याच्या कानात मात्र २०१४ घुमत होते.

ह्या कलमाच्या शेजारीच व्यापारी नावांना मज्जाव करणारा नियम आहे. २०१२ मध्ये सान मारिनोच्या गीतात एका प्रख्यात समाजमाध्यमाचे नाव आले होते. ते वगळून गीत नव्या शीर्षकाने सादर करावे लागले. म्हणजे गीतकाराच्या ओळीत ना पक्षाचे नाव चालते, ना कंपनीचे. ही समदृष्टी वाखाणण्याजोगी वाटते, परंतु ती ओळीपुरतीच आहे. त्याच कार्यक्रमाच्या आरंभी, मध्ये आणि मंचाभोवती प्रायोजकाचे नाव झळकत असते. तेच नाव गीतात आले तर ती जाहिरात, म्हणून निषिद्ध. चौकटीवर आले तर तो आश्रय, म्हणून मान्य.

खुणांची तपासणीही ह्याच न्यायाने झाली. तेल अवीव येथे २०१९ मध्ये आइसलँडच्या हातारी ह्या संघाने गुण जाहीर होत असता पॅलेस्टाइनच्या ध्वजाच्या पट्ट्या दाखविल्या. तेथील प्रसारणसंस्थेस ५,००० युरो दंड झाला. २०२४ मध्ये माल्म्यो येथे आयर्लंडच्या बँबी थग ह्यांच्या रंगभूषेत प्राचीन ओगम लिपीतील अक्षरे होती. ती युद्धबंदीची मागणी करतात हे लक्षात आल्यावर बदलावयास लावण्यात आली. ओगम वाचता येणारे प्रेक्षक किती असतील, हा प्रश्न नियमापुढे नव्हता. अक्षरे होती, एवढे पुरेसे होते.

६. प्रायोजकाचे नाव

२०१९ च्या तेल अवीव स्पर्धेची प्रमुख प्रायोजक मायहेरिटेज ही वंशावळी जुळवून देणारी इस्रायली कंपनी होती. २०२० च्या रॉटरडॅम स्पर्धेपासून ते स्थान मोरोक्कनऑइल ह्या केशप्रसाधनांच्या कंपनीने घेतले. साथीमुळे ती स्पर्धा रद्द झाल्याने प्रत्यक्ष प्रायोजन २०२१ पासून दिसू लागले. ह्या कंपनीचे उत्पादन इस्रायलमध्ये होते. नाव मात्र मोरोक्कोचे, कारण तिच्या प्रसाधनांतील अर्गन तेल ज्या झाडाच्या बियांतून निघते ते झाड मोरोक्कोतले. ज्या देशाने इस्रायल नसलेल्या एकाच वर्षी हजेरी लावली, त्या देशाचे नाव अशा रीतीने चाळीस वर्षांनंतर स्पर्धेच्या माथ्यावर आले. नामाची व्युत्पत्ती एकीकडे बोट दाखविते आणि त्याचा व्यवहार दुसरीकडे.

आरंभीची काही वर्षे ह्या नावाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मधल्या काळात दोन घटना घडल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. स्पर्धा राजकारणनिरपेक्ष असल्याने रशिया राहील असे संघाने प्रथम म्हटले आणि दुसऱ्याच दिवशी, २५ फेब्रुवारीस, त्याला वगळले. रशियाच्या सहभागाने स्पर्धेच्या लौकिकास बाध येईल, असे कारण देण्यात आले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि गाझात युद्ध सुरू झाले. इस्रायललाही वगळावे अशी मागणी होऊ लागली. दोन्ही प्रसंग समान नाहीत आणि दोन्ही प्रसारणसंस्थांचे आपापल्या शासनांशी असलेले संबंधही समान नाहीत, असे संघाचे म्हणणे पडले. २०२४ साठी इस्रायलने पाठविलेल्या ‘ऑक्टोबर रेन’ ह्या गीताचे शब्द आणि शीर्षक बदलावयास लावून ‘हरिकेन’ ह्या नावाने ते स्वीकारण्यात आले.

ह्या पार्श्वभूमीवर प्रायोजकाच्या नावास नवा अर्थ चिकटला. कंपनी तीच, अक्षरे तीच, प्रकरण बदलले. इस्रायलला ठेवण्यामागे प्रायोजकाचा पैसा आहे, असे निदर्शक म्हणू लागले. संघाने असा संबंध मानला नाही. येथे विवेक राखणे अगत्याचे आहे. प्रायोजकाच्या दडपणाने निर्णय झाला असे म्हणणे वेगळे आणि प्रायोजकाच्या नावास राजकीय अर्थ प्राप्त झाला असे म्हणणे वेगळे. पहिल्यास पुरावा लागतो. दुसऱ्यास संदर्भ पुरतो. पहिले विधान करताना सावध राहणाऱ्या अभ्यासकास दुसरे नाकारता येत नाही. गायकाच्या रंगभूषेतील अक्षरे ज्या मंचावर पुसली गेली, त्याच मंचाभोवती अधिक मोठी आणि सर्वांना वाचता येणारी अक्षरे राहिली.

७. मतांचा प्रचार आणि २०२५ चा निर्णय

२०२५ मध्ये बाझेल येथे ऑस्ट्रियाचे जेजे ४३६ गुणांनी प्रथम आले. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यातून बचावलेल्या इस्रायलच्या युवाल राफाएल ह्या ३५७ गुणांनी दुसऱ्या आल्या. त्यांपैकी २९७ गुण प्रेक्षकमतांचे होते आणि त्या गणनेत त्या सर्वांत पुढे होत्या. इस्रायली शासनाच्या जाहिरात विभागाने त्यांच्यासाठी समाजमाध्यमांवर जाहिराती प्रसृत केल्याचे युरोपीय प्रसारण संघाच्याच वृत्तपडताळणी विभागाने नोंदविले. त्या वेळच्या नियमांत अशा प्रचारास बंदी नव्हती. स्पेनसह काही संस्थांनी मतमोजणीचा खुलासा मागितला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे नियम जाहीर झाले. प्रत्येक प्रेक्षकाची मते वीसवरून दहावर आणण्यात आली, उपान्त्य फेऱ्यांत परीक्षक परत आले, आणि शासनाच्या किंवा अन्य त्रयस्थांच्या बळावर होणाऱ्या अवाजवी प्रचारास आळा घालण्याचे ठरले. ४ डिसेंबर २०२५ रोजी जिनीव्हा येथील सभेत हे नियम बहुमताने स्वीकारण्यात आले आणि इस्रायलच्या सहभागावर वेगळे मतदान होऊ नये, असेही ठरले. त्यानंतर स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स व स्लोव्हेनिया ह्यांनी आणि काही दिवसांनी आइसलँडने २०२६ च्या व्हिएन्ना स्पर्धेत भाग न घेण्याचे जाहीर केले. स्पेन हा पाच मोठ्या वर्गणीदारांपैकी एक. अर्थात ही माघार नैतिक तशीच आर्थिकही होती. २०२४ चे विजेते स्वित्झर्लंडचे नेमो ह्यांनी आपले विजयचिन्ह संघास परत करण्याचे ठरविले.

ह्या नियमांचे ऐतिहासिक महत्त्व वादाच्या गदारोळात झाकले गेले आहे. राजकारण गीताच्या ओळीतून नव्हे, तर जाहिरातीच्या खरेदीतून आणि मतांच्या संख्येतून येऊ शकते, हे चालकांनी त्यांत कबूल केले. अभिधेपुरती असलेली तपासणी प्रथमच व्यवहाराकडे वळली. परंतु ती मतांच्या प्रचारापाशी थांबली. प्रायोजकाचे नाव आणि वर्गणीदारांचे विशेष स्थान तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. राजकारणनिरपेक्षता हा ह्या स्पर्धेचा स्थिर गुणधर्म नसून तो एक विशिष्ट प्रकारच्या उक्तींना लावलेला निर्बंध आहे. हा निर्बंध गीतकार, गायक आणि निदर्शक ह्यांच्यावर पडतो, कारण त्यांच्याजवळ शब्द आणि खूण ह्यांशिवाय साधन नसते. राष्ट्रनाम, वर्गणी, जाहिरात आणि प्रायोजन ही साधने ज्यांच्यापाशी आहेत, त्यांना बोलण्याची गरज पडत नाही. म्हणून नियमाचा उपसर्गही त्यांना कमी होतो. ह्यात कोणाचा कट गृहीत धरण्याचे कारण नाही. शब्द पकडणे सोपे आणि संबंध पकडणे अवघड, हेच त्याचे कारण होय.

१९६४ च्या कोपनहेगनमध्ये चित्रणयंत्र निदर्शकाकडून वळले ते गुणफलकाकडे, आणि फलकावर तीच राष्ट्रनामे होती ज्यांच्याविरुद्ध तो आला होता. ह्या स्पर्धेचा इतिहास लिहावयाचा तर केवळ गीतसंग्रह चाळून भागणार नाही. नियमावलीच्या क्रमवार आवृत्त्या, वर्गणीच्या नोंदी, प्रायोजनाचे करार आणि सभांचे ठराव ही साधने गीतांच्या जोडीने वाचावी लागतील. काय गायिले गेले ह्याबरोबरच, ते कोणाच्या नावाखाली आणि कोणाच्या खर्चाने गायिले गेले, हेही त्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे.